मायनरच्या मॅडम

मॅडमना माणसांची नावं लक्षात राहत नसत, गावं राहत. त्यामुळं वर्गात आम्हाला गावाच्या नावानं हाक मारली जाई. "तेरखेडा, खिडकी उघडा." "जळकोट, मागं काय चाललंय?" जळकोट म्हणजे मी. वास्तविक माझं गाव जळकोटच्या पुढं, हायवे सोडून आत आहे. तसं मी एकदा सांगून पाहिलं. मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "एसटी कुठं सोडते?" मी म्हटलं, जळकोटला. "मग बरोबर आहे," त्या म्हणाल्या. तेरखेड्याची दोन मुलं होती, म्हणून त्यातल्या बुटक्याला तेरखेडा खुर्द म्हणत. असं गाव आहे की नाही मला माहीत नाही, पण तो पोरगा वर्षभर त्या हाकेला ओ देत होता.

आमच्या विषयाचं नाव होतं 'तंत्रज्ञान आणि त्याचे सामाजिक परिणाम'. नव्या धोरणात प्रत्येकाला एक मेजर आणि एक मायनर घ्यावा लागतो. मेजर म्हणजे मुख्य विषय, ज्यात पदवी मिळते. मायनर म्हणजे त्याला जोडून घ्यायचा दुसऱ्याच शाखेचा विषय. माझं मेजर रसायनशास्त्र. मायनरला मला भूगोल पाहिजे होता, पण तो पहिल्याच दिवशी भरला. इतिहास भरला, संगीतसुद्धा भरलं. जो कुणालाच नको होता तो हा विषय राहिला, आणि त्यात कला, वाणिज्य, विज्ञान अशा तिन्ही शाखांचे उशिरा आलेले सगळे गोळा झाले. आंतरविद्याशाखीय म्हणतात ते हेच असावं.

मॅडम मूळच्या गृहविज्ञानाच्या. गृहविज्ञानाला मुली येईनाशा झाल्या. विभागात शिलाई मशीन, एक कधीच न पेटलेला ओव्हन आणि मॅडम एवढंच शिल्लक राहिलं, तेव्हा प्राचार्यांनी हा नवा मायनर त्यांच्या गळ्यात घातला. कॉम्प्युटरचे सर स्टाफरूममध्ये म्हणाले, "मॅडम, तुमचा तंत्रज्ञानाशी काय संबंध?" मॅडम म्हणाल्या, "मी पंचवीसेक वर्षं प्रेशर कुकर शिकवलाय. चुकीचं शिकवलं तर फुटेल असं काही तुम्ही कधी शिकवलंय का?" सर त्यानंतर त्यांना नमस्कार करायचे.

उंच, किडकिडीत बाई. सुती साडी आणि पायात पांढरे स्पोर्ट शूज. फोन त्या पोळ्यांच्या डब्यात ठेवत. तासाला तो वाजला की डबा थरथरायचा आणि आम्हाला भूक लागायची. मॅडम हसत नसत. फार हसू आलं तर चष्मा काढून पुसत. काही तासांना तो इतक्यांदा पुसला जाई की काचा झिजतील असं वाटायचं, पण चेहऱ्यावरची सुरकुती हलायची नाही.

पहिल्या तासाला त्या म्हणाल्या, "या विषयात प्रश्न एकच आहे. तो आजच सांगून टाकते. घरात, गावात, कचेरीत नवं यंत्र आलं, की कोण बसलं आणि कोण उठलं?"

आम्ही तो वहीत उतरवून घेतला. वाणिज्यच्या एका मुलानं विचारलं, "मॅडम, पुढचा प्रश्न?"

"पुढचा नाही."

"मग पन्नास मार्कांची परीक्षा कशी घेणार?"

"नीट उत्तर दिलंत तर पन्नास कमी पडतील," मॅडम म्हणाल्या, आणि त्यांनी हजेरी घेतली. म्हणजे गावं वाचली.

विद्यापीठानं अभ्यासक्रमात क्षेत्रभेट सांगितली होती. बाकीचे विभाग बस करून पुण्याच्या कंपन्या बघायला गेले. आम्ही कॉलेजच्या मागच्या गल्लीतल्या पिठाच्या गिरणीत गेलो. गिरणीवाले चाचा आम्हाला बघून धास्तावले. त्यांना वाटलं वजनमापवाले आले. "मॅडम, काटा एकदम बराबर हाय आपला," ते म्हणाले. मॅडम म्हणाल्या, "तुम्ही दळा. आम्ही नुसतं बघणार आहोत." त्यानं चाचा जास्तच घाबरले. सकाळभर आम्ही भिंतीला टेकून पीठ खात उभे होतो. बायका डबे घेऊन येत होत्या आणि नंबर लागेपर्यंत ताटकळत होत्या. चाचा स्टुलावर बसले होते. बाहेर आल्यावर मॅडम म्हणाल्या, "जात्यावर बाई बसायची. गिरणीत ती उभी आहे. तिचे कष्ट वाचले, वेळ वाचला, हे खरंच आहे, ते आधी लिहा. मग पाय कुणाचे दुखतायत तेही लिहा." चाचांनी हे ऐकलं असावं. माणूस भला. पुढच्या आठवड्यात त्यांनी दारात एक बाकडं टाकलं. त्यावर गल्लीतले पुरुष येऊन बसू लागले. मॅडमनी तेही आम्हाला लिहायला लावलं.

उत्तर लांब असावं असा त्यांचा आग्रह नव्हता. तेरखेड्यात फटाके बनतात. तेरखेडा खुर्दला त्यांनी विचारलं, "तंत्रज्ञानाचा तुमच्या गावावर झालेला परिणाम थोडक्यात सांगा." तो उभा राहिला, बराच वेळ विचार केला आणि म्हणाला, "आवाज." मॅडमनी चष्मा पुसला आणि त्याला बसा म्हणाल्या.

प्राचार्यांनी हजेरीसाठी तोंड ओळखणारं यंत्र बसवलं, ती गोष्ट कॉलेजात अजून सांगतात. यंत्र व्हरांड्यात होतं. त्याच्यासमोर उभं राहायचं, ते नाव सांगून हिरवं व्हायचं. एके दिवशी त्यानं मॅडमना ओळखलं नाही. चष्मा घालून, काढून, पदर नीट करून सगळं झालं. यंत्र लालच. मॅडम दुसऱ्या कुणाकडं न जाता सरळ बाहेर लिंबाखाली जाऊन बसल्या आणि तिथंच आम्हाला शिकवायला लागल्या. प्राचार्य वरून खाली आले.

"मॅडम, वर्गात जा ना."

"मी आज आलेले नाही," मॅडम म्हणाल्या.

"अहो, मग मी बोलतोय कुणाशी?"

"मीही त्या यंत्राला हेच विचारलं. ते काही बोललं नाही. तुम्हाला सांगितलं तर बघा."

प्राचार्यांनी लिंबाकडं बघितलं, जणू सावलीची पाहणी करायला आले होते, आणि वर गेले. दुपारी शिपायाच्या हातानं जुनं मस्टर लिंबाखाली आलं. मॅडमनी सही केली आणि आम्हाला म्हणाल्या, "आता मी आले. पान पहिलं काढा."

हे ऐकून कुणाला वाटेल, बाई मोठ्या गमतीशीर होत्या. समोर बसलेल्यांना तसं वाटत नसे. घरातलं एक यंत्र निवडून त्याच्याकडं लक्ष ठेवा, असं त्यांनी आम्हाला सांगितलं होतं, आणि त्यापायी बऱ्याच घरांत वाजलं होतं. एका मुलीच्या घरी नुसत्या गिझरवरून सासू-सुनेचं बोलणं बंद झालं. लक्ष ठेवणारी पोरगी नणंद होती. तिनं विषय बदलून मागितला. मॅडम म्हणाल्या, "विषय बदलता येईल. जे दिसलं ते कसं बदलणार?" खरं सांगायचं तर मला त्यांची भीती वाटायची, आणि तासाला पहिल्या बाकावर जागा मिळावी म्हणून मी लवकरची एसटी पकडायची. दोन्ही एकाच वेळी.

आता आमचे आबा, म्हणजे माझे वडील. आबांना मायनर हा शब्द माझ्या आधीपासून माहीत होता. आमच्याकडं धरणाच्या कालव्याला जी लहान चारी फुटते, तिला मायनर म्हणतात. आमच्या रानाच्या बांधावरून असा एक मायनर गेला आहे. तो खोदला तेव्हा आबा तरुण होते आणि खोदणाऱ्यांना त्यांनी हौसेनं गुळाचा चहा पाजला होता. त्यातून पाणी कधीच आलं नाही. उन्हाळ्यात त्यात शेळ्या बसतात.

त्यामुळं मी जेवताना सांगितलं, "मला मायनर मिळाला," तेव्हा आबांचा घास हातातच राहिला.

"मेजर कुणाला मिळालं?"

"मेजरबी मलाच हाय, आबा. दोनी घ्यावं लागतंय."

"मंग मेजर तेवढं ठिव. मायनरला पाणी येत न्हाय."

मी धोरण समजावून सांगितलं. आबांनी सगळं ऐकलं आणि चौथ्या दिवशी टोपी घालून कॉलेजात हजर झाले. मॅडम तेव्हा गृहविज्ञानाच्या खोलीत शिलाई मशीनला तेल देत होत्या. मी दाराबाहेर उभी राहिले.

"मॅडम, पोरीला मायनरमधून काढा," आबा म्हणाले. "लई नुकसान हाय त्यात. आमी टेलची, कालव्याच्या शेवटाची मानसं. वरचेच समदं वढून घेतेत, खाली काय येत न्हाय."

माझ्या मते कुठल्याही दुसऱ्या प्राध्यापकानं इथं आबांना शब्दाचा अर्थ सांगितला असता. मॅडमनी तेलाची बाटली खाली ठेवली. "तुमचं अगदी बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "आमच्याही मायनरला वरून अजून काही आलेलं नाही. पुस्तक नाही, खोली नाही, खडूसुद्धा मी घरचा आणते."

आबांना एवढ्या लवकर जिंकायची सवय नव्हती. ते खुर्चीवर बसले आणि खरं काय ते बोलले. "तसंबी एक जागा आलीया हिला. सोनारीच्या बाजूची. मानसं चांगली हायेत, रान हाय, पोरगं निर्व्यसनी हाय. म्या म्हंतो, असलं मायनर-फियनर करन्यापरीस कॉलेजच बंद करावं."

जागा आल्याचं मला तेव्हा कळलं. दाराबाहेर.

मॅडम म्हणाल्या, "असं करा. हे वर्ष पुरं होऊ द्या. तोंडी परीक्षा घ्यायला मी तुमच्या घरी येणार आहे. तुमच्या डोळ्यांदेखत होईल. मग कॉलेज ठेवायचं का बंद करायचं, ते तुम्ही ठरवा."

"परीक्षा घरी?"

"यंत्र घरी आहे ना. मग परीक्षा इथं कशी होईल?"

घरी येते म्हणणाऱ्या बाईला नको कसं म्हणायचं? आबा हो म्हणाले. वाटेत एसटीत मला म्हणाले, "बाई समजदार हाय. कालव्याचं कळतंय तिला."

तर असं माझं कॉलेज त्या तोंडी परीक्षेवर येऊन थांबलं.

मी निवडलेलं यंत्र म्हणजे आमच्या विहिरीवरच्या मोटारीचा मोबाइल स्टार्टर. ज्यांच्याकडं नाही त्यांच्यासाठी सांगते. स्टार्टरच्या पेटीत एक सिम कार्ड असतं. घरून त्या नंबरला फोन लावला की मोटार चालू होते. रानात लाइट आली, गेली, पाणी तुटलं, की मोटार आपल्याला फोन करते आणि एक बाई गोड आवाजात ते सांगते. हा स्टार्टर यायच्या आधी आबा लाइटच्या वेळा सांभाळत अवेळी रानात जायचे. काट्याकुट्यातून, पावसाचिखलातून. ते बंद झालं याचा मला आनंदच आहे, आणि तो मी आधी सांगायचा असं ठरवलं होतं. आबांचा तर त्या मोटारीवर जीव. मामाचा फोन ते दोनदा वाजू देत, मोटारीचा पहिल्या रिंगला उचलत. लग्नाच्या पंगतीत बसलेले असले तरी "मोटारीचा फोन हाय" म्हणून डावा हात वर करायचे आणि वाढपी अदबीनं थांबायचे.

बाकी जे दिसलं, ते मात्र कसं सांगायचं ते मला समजत नव्हतं.

मॅडम एसटीनं आल्या आणि फाट्यापासून चालत घरी पोचल्या. आबांनी फेटा बांधला होता. बाजेवर सतरंजी टाकली होती. पाणी देता देताच ते कौतुकानं सांगायला लागले, "मॅडम, आमची पोरगी पहिलीपासून एकदाबी नापास न्हाय. सोनारीच्या पाव्हण्यास्नी म्या तेच सांगितलंय. रंग घेऊन काय करताव म्हटलं, डोस्कं बघा."

"अस्सं," मॅडम म्हणाल्या.

मग परीक्षा कुठं घ्यायची यावर विचार झाला. आबांचं म्हणणं विहिरीवर, कारण पेटी तिथं. मॅडम म्हणाल्या, "यंत्राचं पोट विहिरीवर असेल, पण तोंड तुमच्या फोनमध्ये आहे. परीक्षा तोंडी आहे." म्हणून आबांचा फोन एका स्टुलावर मधोमध ठेवला गेला. एका बाजूला मॅडम, दुसऱ्या बाजूला बाजेवर आबा, आणि फोनच्या समोर मी.

"यंत्र आलं. कोण बसलं?" मॅडमनी विचारलं.

माझ्या समोर आबा बसले होते. मांडी घालून, कौतुकानं, पोरगी आता काय बोलते म्हणून वाट बघत. मी तोंड उघडलं आणि मिटलं.

तेवढ्यात फोन वाजला. आबांनी वाकून बटण दाबलं. बाई म्हणाली, "पाणी नसल्यामुळे आपला पंप बंद झाला आहे." आबा म्हणाले, "फुटबॉल आडकला आसंल. बघून ये गं." हे आईला. आई चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिनं तो उंबऱ्यावर ठेवला, चपला घातल्या आणि विहिरीकडं गेली. विहिरीत पाइपाच्या टोकाला झडप असते, तिला आमच्याकडं फुटबॉल म्हणतात. त्यात काडीकचरा अडकला की पाणी चढत नाही आणि दोर हलवून तो झाडावा लागतो. आई दिसेनाशी होईपर्यंत मॅडम तिच्याकडं बघत होत्या.

"कोण उठलं?" त्यांनी मला विचारलं.

मी गप्प. फोनकडं बघत राहिले. आता बोलले तर आबांचा मॅडमसमोर अपमान, आणि अपमान झाल्यावर कोण पोरीला कॉलेजात ठेवतं? मॅडमनी बराच वेळ वाट पाहिली. चहाच्या कपांवर साय धरली.

"नापास," मॅडम म्हणाल्या.

आबांना वाटलं ऐकण्यात चूक झाली. "काय म्हंताव?"

"तोंडी परीक्षा आहे. तोंडातून काही आलं नाही. शून्य."

"मॅडम, तिला येतंय समदं! पोरगी हुशार हाय."

"येतं हे मला माहीत आहे. पण ऐकू आलं नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा घेता येते." मॅडमनी चहा घेतला, आई परत येईपर्यंत थांबल्या, तिचा निरोप घेतला आणि गेल्या.

त्या दिवशी मॅडमचा मला इतका राग आला की मी जेवले नाही. पण घरात एक वेगळीच गोष्ट झाली. आबांनी सोनारीला फोन लावला आणि सांगितलं, जरा दम धरा, पोरीचा एक पेपर राहिलाय. नापास हा शब्द त्यांच्या तोंडून निघेना. एकदाही नापास नाही म्हणून सांगितलेली पोरगी नापास झालेली असताना द्यायची कशी? शब्दाचा प्रश्न होता. "पास झाली की कळवितो," ते म्हणाले. म्हणजे पास होईपर्यंत माझं कॉलेज चालू.

मॅडमना हे आधीच दिसलं होतं का, की त्यांनी नुसता नियम पाळला, हे मला आजतागायत ठाऊक नाही. मी कॉलेजात त्यांना गाठलं आणि विचारलं, "मॅडम, पुढच्या वेळीबी मी गप्प बसले तर?"

"पुन्हा नापास."

"म्हणजे कॉलेज चालूच राहील."

मॅडमनी विचार केला. "राहील. नापास होत राहणं हाही शिकण्याचा एक मार्ग आहे, बरेच जण तो वापरतात. पण मी मेअखेर निवृत्त होते आहे, जळकोट. माझ्यानंतर परीक्षक कोण येईल सांगता येत नाही. तो कदाचित तुम्हाला न विचारताच पास करेल."

असं घाबरवणं फक्त त्यांनाच जमायचं.

तो महिना विचित्र गेला. आबांनी माझी तयारी स्वतःच्या अंगावर घेतली. संध्याकाळी हातपाय धुऊन बाजेवर बसायचे, मला समोर उभी करायचे आणि विचारायचे, "हं, सांग. यंत्र आलं. कोण बसलं?"

मी त्यांच्याकडं बघायची.

"आगं, सोपं हाय की! म्या इतका येडा असून मला प्रश्न पाठ झाला, तुला उत्तर येईना व्हय? कोण बसलं?" आणि आत बघून, "आगं, पानी आन जरा, घसा सुकला हिच्यापायी." आई पाणी आणायची. मी खाली बघायची. आबा हताश होऊन म्हणायचे, "लई अवघड केलंय ह्या बाईनं शिक्षण."

दुसऱ्यांदा मॅडम आल्या तेव्हा ऊन तापलं होतं. आबांनी यावेळी फेटा बांधला नाही, ते माझ्यापेक्षा जास्त घाबरले होते. स्टूल ठेवलं, फोन ठेवला. आई दारात उभी.

"यंत्र कोणतं?"

"मोटारीचा मोबाइल स्टार्टर."

"फायदा?"

"आबांची अवेळची फेरी वाचली. आधी लई हाल व्हायचे त्यांचे. पावसात एकदा ताप आला हुता."

आबांनी मान डोलावली.

"मग कोण बसलं?"

मी आबांकडं बघितलं नाही, नाहीतर जमलंच नसतं. "आबा बसले," मी म्हटलं.

"आणि कोण उठलं?"

"आई. मोटार बंद पडली की मोटार आबांना सांगती, आबा आईला सांगतेत. मग आई विहिरीवर जाती. स्वयंपाक अर्धा टाकून जाती. आधी कचरा झाडायला दोघं मिळून जायचे, आता ती एकटी जाती."

"झालं?"

"न्हाय मॅडम. अजून हाय." आता थांबायला येत नव्हतं. "आमच्या मोटारीला सिम हाय. आईला न्हाय. मोटारीचं रिचार्ज आबा संपायच्या आत मारतेत. मागं पेटीमागं साप निघाला, तर मोटारीला पाणी तुटल्याचं फोन करून सांगता आलं, आईला साप निघाल्याचं सांगता आलं न्हाय. वरडली तर इथं ऐकू येत न्हाय. चालत घरी आली, सांगितलं, आबांनी काठी दिली, पुन्हा गेली."

"आगं, गप की," आई दारातून म्हणाली. हळूच. मग तीच म्हणाली, "मोठा न्हवता साप."

आबा स्टुलावरच्या फोनकडं बघत होते. आता वाजला असता तर त्यांनी उचलला नसता असं मला वाटतं. मी रडत होते हे मला नंतर कळलं.

"मॅडम," आबा शेवटी म्हणाले, "बरोबर हाय का हिचं?"

"बरोबर आहे."

"समदं?"

"सगळं."

आबांनी घसा खाकरला. "मंग मार्क द्या."

मॅडमनी पिशवीतून कागद काढला, मांडीवर ठेवून आकडा लिहिला. "पन्नासपैकी एकोणपन्नास."

"येक का कापला?"

"उशीर. मागच्या वेळी विचारलं तेव्हाच सांगायला पाहिजे होतं."

"मॅडम, तवा म्या समोर बसलो हुतो. कशी बोलंल ती?"

"आजही तुम्ही समोरच आहात."

"आज बोलली न्हवं? समदं बरोबर हाय म्हंताव, अन् मार्क कापताव. ही कुठली रीत?" आबांचा आवाज चढला होता. पाव्हण्या बाईवर आवाज चढवलेला मी त्यांना आधी कधी बघितलं नव्हतं.

मॅडम शांत होत्या. "उशीर झालाय हे तर खरं आहे. मार्क कुणाचा तरी कापावा लागेल."

"मंग माझा कापा," आबा म्हणाले.

मॅडमनी आकडा खोडला आणि पन्नास लिहिला. आबांनी तो वाकून नीट बघितला, मलाही दाखवला. मग स्टुलावरचा फोन उचलून आमच्यादेखत सोनारीला लावला.

"पोरगी पास झाली," ते म्हणाले. "पन्नासपैकी पन्नास. व्हय, कळवितो म्हणलो हुतो म्हणून केला फोन." पलीकडून बरंच काही बोलणं झालं. आबांनी ते संपू दिलं. "न्हाय पाव्हणं, तुमी समजला तसं न्हाय. पास झाली म्हणूनच आता देत न्हाय."